हाफ-लाइफ २ (स्टीम डेक): फळीपाशी अडकले आहे, कुणीतरी सोडवा

विज्ञानाच्या_बाई

नमस्कार मंडळी. आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर प्रश्न वेडगळ वाटेल. वय ५३, कराडला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे घरी बसायची वेळ आली. पहिल्या आठवड्यात घरातली पुस्तकं संपली, दुसऱ्यात नातेवाइकांना फोन करून झाले, तिसऱ्यात ह्यांनी हात जोडले की आता वाद घालायला दुसरं कुणी बघ.

तेवढ्यात कॅनडाचा भाचा येऊन गेला. त्याने स्टीम डेक, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, नवा ओएलईडी पडद्यावाला घेतलाय, म्हणून जुना माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "मावशी, हा हाफ-लाइफ २ गेम तुझ्यासाठीच आहे. हीरो फिजिक्समधला पीएचडी आहे, एमआयटीचा." सुरुवातीचा अर्धा तास त्यानेच खेळून दाखवला (स्टेशन, ते पोलीस, चष्मेवाल्या डॉक्टरांची प्रयोगशाळा), मग डेक माझ्याकडे दिला आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसला. म्हणजे मी याआधी आयुष्यात फक्त मोबाईलवर सॉलिटेअर खेळलेली, हे ध्यानात घ्या.

तर आता मी रूट कनाल नावाच्या प्रकरणात आहे. कोरडे कालवे, बोगदे, मागे पोलीस. हातात पिस्तूल आणि एक पहार. पहार कसली, कटावणीच ती, वाकड्या तोंडाची. इथे एका जागी टेकूवर आडवी टाकलेली लांब फळी आहे आणि पलीकडे उंचावर पुढची वाट. फळीवरून चढत जायचं हे उघड आहे. पण टेकू ओलांडला की पुढचं टोक माझ्या वजनाने खाली बसतं आणि मी परत जमिनीवर.

आता बघा, मला कळतंय हो. पहिल्या प्रकारची तरफ, टेकू मध्ये. अलीकडच्या टोकावर भार ठेवला की काम होणार. तीस वर्षं हेच शिकवत आलेय. भारही तिथेच पडलाय, सिमेंटचे पोकळ ब्लॉक. पण ते ब्लॉक हलवायचे कसे? कटावणीने बडवले, गोळ्या झाडल्या, अंगाने ढकलले. ढकलून थोडे सरकतात, पण फळीवर काही चढत नाहीत. दोन दिवस झाले.

शिवाय दोन तक्रारी. एक म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत गरगरायला लागतं. दुसरी, त्या उजव्या दांडीने नेम धरायचा म्हणजे ओल्या साबणाने सही करण्यासारखं आहे. पोलीस माझ्यासमोर उभा, मी त्याच्या डाव्या बाजूची भिंत फोडते, मग उजव्या बाजूची.

कथा पुढे काय होते ते कृपया सांगू नका. चांगली आहे असं भाचा म्हणतो, अजून तरी मला पळणं सोडून काही दिसलेलं नाही.

---

निशाचर४०४

बाई, ज्या बटणाने दार उघडता तेच बटण ब्लॉककडे बघत दाबा. उचलला जाईल. फळीच्या टोकावर नेऊन पुन्हा दाबा, सुटेल.

पण हे तुम्हाला स्टेशनातच कळायला हवं होतं. तिथे एक पोलीस मुद्दाम रिकामा डबा खाली पाडतो आणि उचलून कचऱ्यात टाक म्हणतो. तो प्रसंग त्यासाठीच आहे. तुम्ही काय केलं होतं तिथे?

---

विज्ञानाच्या_बाई

मी काहीच केलं नव्हतं, भाच्याने केलं होतं! डबा उचलून त्या पोलिसाच्या थोबाडावर फेकला, दोन दंडुके खाल्ले आणि हसत बसला. मी तेव्हा चहा घेत होते.

म्हणजे धडा झाला त्या तासाला मी वर्गाबाहेर. आणि नंतर सर्वांसमोर प्रश्न मलाच.

उचलला गेला. शाळेतल्या पोरांची माफी मागायला हवी, "एवढं साधं कसं येत नाही" असं मी किती जणांना म्हणालेय देव जाणे. गरगरण्याचं आणि नेमाचं कुणीतरी सांगा.

---

कोल्हापूरचा_गायरोवाला

ताई, नेमाचं माझ्याकडे सोडा. पीसीवर माउस असतो म्हणून हा गेम सोपा जातो. नुसत्या स्टिकवर नेम धरायचा तर वर्षानुवर्षांची सवय लागते, तुम्हाला ती नाही आणि लावूनही घेऊ नका. डेकमध्ये गायरो आहे, म्हणजे डेक कसा कलला ते ओळखणारा सेन्सर, तो चालू करा.

स्टीमचं बटण दाबून कंट्रोलर सेटिंगमध्ये जा. गायरोला माउस करा, आणि तो उजव्या स्टिकवर अंगठा टेकल्यावरच चालेल असं ठेवा. डेकच्या स्टिकच्या टोकाला स्पर्श कळतो, दाबायची पण गरज नाही. मग मोठं वळण स्टिकने घ्यायचं, आणि शेवटचा बोटभर नेम आख्खा डेक किंचित तिरका करून. लग्नात फोटोग्राफर कॅमेरा कसा हलवतो, तसं. अंगठा उचलला की गायरो बंद, म्हणजे कूस बदलली तरी नजर भलतीकडे जात नाही. तुम्ही पडून खेळताय, तर हे महत्त्वाचं.

उजव्या ट्रॅकपॅडनेही होतं म्हणणारे येतील आता. येऊ देत. पडून खेळताना अंगठा तिथवर ताणला की तासाभरात मनगट दुखतं, स्वतःचा अनुभव आहे.

आणि मागे चार बटणं आहेत ना, बोटांखाली येतात ती? त्यातल्या एकाला एफ६ लावा. एफ६ म्हणजे क्विक सेव्ह, आहे तिथला खेळ जतन होतो, मेलात तर तिथूनच पुढे. दर दोन मिनिटांनी दाबत जा, लाजायचं नाही. मी अजून दाबतो.

---

लुनावर_सीपीयू

गरगरण्यावर माझा तोडगा. व्हिडिओ सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दिसतं तो कोन, शोधा. मुळात ७५ असतो, तो ९० करा. ७५ वर कागदाच्या नळीतून जग बघितल्यासारखं होतं आणि मान फिरवली की पोटात ढवळतं. तीन ठिपक्यांच्या बटणातून फ्रेमची (सेकंदाला किती चित्रं) मर्यादा ६० ठेवा, जुन्या डेकचा पडदा तेवढाच आहे आणि हा गेम तिथे आरामात धावतो. खोलीत दिवा लावून खेळा. आणि ऑपरेशननंतरच्या गोळ्यांनीही चक्कर येते, ते डॉक्टरांना विचारा, सगळं खापर गेमवर नको.

आता जरा अवांतर, राहवत नाही म्हणून. हा गेम १६ नोव्हेंबर २००४ ला आला. आधी सप्टेंबर २००३ म्हणाले होते, मग वर्षभर वाट बघायला लावली. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला. सगळ्या हॉस्टेलने पैसे काढून एक खोका आणला. सीडी घातल्या, आणि कळलं की इंटरनेटवरून परवानगी घेतल्याशिवाय गेम उघडतच नाही. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे कोपऱ्यावरचा कॅफे. मग मित्राने लुना चालवली, मी मागे बसून सीपीयू मांडीत धरला, आणि सदाशिव पेठेत ज्याच्या घरी ब्रॉडबँड होतं त्याच्याकडे गेलो. त्याच्या आईने पोहे दिले. पोहे संपून दुसरा चहा झाला तरी टक्केवारी सरकतच होती.

एवढं करून पहिल्यांदा तो डबा उचलला आणि मी पोलिसाला मारायच्या ऐवजी मुकाट्याने कचऱ्यात टाकला. मित्र अजून चिडवतात. (आता दोन्ही गोष्टींना वेगवेगळी अचीव्हमेंट, म्हणजे गेमकडून शाबासकीचा बिल्ला, आहे. फेकून मारलात तर एक, आज्ञाधारकपणे टाकलात तर दुसरी.)

सांगायचं हे की बाई, तुमचा तास चुकला हे मनावर घ्या. हा गेम कुठेही पाटी लावून शिकवत नाही. आधी निरुपद्रवी जागी एक गोष्ट हाताखालून घालतो, मग तीच जीवावर बेततं तेव्हा विचारतो. शक्य असेल तर पहिल्यापासून स्वतः खेळा. स्टेशन, चौक, सगळं हळूहळू चालत बघा. तिथे पळायचं नसतं.

---

सरळमार्गी

या वयात गोळीबाराचे खेळ? सुडोकू सोडवा, बुद्धीला चालना मिळेल. वैयक्तिक मत.

---

विज्ञानाच्या_बाई

@सरळमार्गी, सुडोकूत माझ्या विषयाचा एकही प्रश्न येत नाही. वैयक्तिक अडचण.

---

विज्ञानाच्या_बाई

आठ दिवसांनी हजेरी. पाय आता काटकोनात वाकतो. गायरो लावला, पोलीस लागायला लागले. ९० केल्यावर गरगरणं बरंच कमी आलं. अगदी गेलेलं नाही, पण तासभर निघतो. डेक साडेसहाशे ग्रॅमच्या वर भरतो, छातीवर उशी आणि उशीवर डेक असं बसवलंय. फिजिओथेरपीवाली मुलगी आली की वरचं बटण दाबायचं, पडदा काळा, ती गेली की परत दाबायचं, गोळी हवेत होती तिथून पुढे. संसारी माणसासाठी याहून सोयीचं काही नाही.

फळीचं सविस्तर सांगते, कारण मी तिथे गरजेपेक्षा तासभर जास्त थांबले. ब्लॉक उचलता येतात म्हटल्यावर आधी वाट सोडून प्रयोगच केला. सगळे ब्लॉक टेकूला लगटून रचले आणि चढले. फळी बसली. तेच ब्लॉक उचलून टोकाला नेले. फळी थोडी थरथरली, पण उभी राहिली. मग टोकावरचे एकेक कमी करत गेले, कुठवर धरते बघायला. एका क्षणी ती हळूच, अगदी हळूच माझ्या बाजूने कलली आणि मी उडी मारली. शाळेत मोजपट्टी, पेन्सिलचा टेकू आणि खोडरबर घेऊन जे दाखवते ते इथे पायाखाली झालं. तीस वर्षांत मी फळीवर उभी कधीच नव्हते, कायम बाजूला.

आणि कटावणी स्वतःच एक तरफ आहे, ती मात्र या माणसाने फक्त डोकी फोडायला वापरली. पीएचडी असून.

पुढे ती पंख्याची होडी मिळाली. तिथे एक उतरती फळी पाण्यात पडलेली, तिच्यावरून होडी उडवायची, पण फळी फारच खाली. आजूबाजूला निळी प्लॅस्टिकची पिंपं तरंगत होती. हे मी कुणालाही न विचारता केलं, नोंद घ्यावी. पिंप धरून बुडी मारली, फळीखालच्या जाळीत सोडलं, फळी बोटभर वर. दुसरं, आणखी वर. आठवीचं प्लावक बल! मी मोठ्याने ओरडले तर हे आतून धावत आले, त्यांना वाटलं टाके उसवले.

आता मूळ गोष्ट. @लुनावर_सीपीयू, तुमचं ऐकून पहिल्यापासून सुरू केलं. त्या दिवशी सासूबाई (८१) शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून खालच्या ओळी मी वाचून चालू मराठीत सांगत होते. चष्मा लावूनही कधीकधी अक्षरं दिसत नाहीत, ती वेगळी रड. स्टेशनवर पडद्यावरचा तो दाढीवाला ब्रीन, तिथला कारभारी, सगळ्यांचं स्वागत करत होता. त्या म्हणाल्या, "हा मेला गोड बोलतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे." सूटवाला माणूस, बॅग घेतलेला, मध्येच लांब दिसतो आणि नाहीसा होतो ना? त्याला त्यांनी विम्याचा एजंट ठरवलंय. माझ्याआधी त्यांनाच दिसतो. "आला बघ तुझा एजंट."

डबा मी कचऱ्यात टाकला. फेकवेना.

मग चौकातून इमारतींच्या मागे गेले. तिथे एक लहानसं मैदान आहे. झोका आहे, गोल फिरायचं चक्र आहे. भाच्याने ते धावत ओलांडलं होतं. मी चक्र ढकललं, ते फिरलं, कुरकुरलं. तेवढ्यात सासूबाईंनी वात खाली ठेवली आणि विचारलं, "या गावात लेकरू एकसुद्धा कसं नाही गं?"

मी थांबले. मागे चौकात गेले, स्टेशनात गेले. रांगेत माणसं, बाकांवर माणसं, एक बाई जाळीपाशी नवऱ्याची वाट बघतेय. लहान मूल एकही नाही. मला वाटलं, बनवणाऱ्यांनी मुलं काढायचा कंटाळा केला असेल. तसंच आहे का? की पुढे काही आहे? असेल तर फक्त "आहे" म्हणा.

---

लुनावर_सीपीयू

आहे.

२००५ ला मी तीनदा संपवला आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

निशाचर४०४

आहे, आणि पुढे जाऊन शोधायलाही नको, तुमच्या कानावरून गेलेलं आहे. शहरातल्या पडद्यांवर ब्रीनची वेगवेगळी भाषणं चालू असतात. त्यातल्या एकात तो एका काळजीत पडलेल्या नागरिकाचं पत्र वाचून दाखवतो. आपण पोलिसांच्या भानगडीत असतो म्हणून ते नुसता आवाज म्हणून सोडून देतो. पुन्हा मिळालं तर उभं राहून पूर्ण ऐका, सासूबाईंना शब्दन् शब्द सांगा.

मी २०२४ च्या नोव्हेंबरात हा गेम घेतला, वीस वर्षं झाली म्हणून थोडे दिवस फुकट होता तेव्हा. त्याच वेळी त्यात बनवणाऱ्यांचं बोलणं घातलंय, गेममध्ये जागोजागी खूण दिसते, ती दाबली की त्या जागेबद्दल सांगतात. एकदा पूर्ण संपवल्यावर ते चालू करून परत खेळा. आधी नको.

अक्षरांसाठी: स्टीमचं बटण धरून ठेवा आणि एल१ दाबा. भिंग येतं. पुढे एलाय नावाच्या शास्त्रज्ञाच्या खोलीत फळ्यावर वर्तमानपत्रांची कात्रणं लावलेली आहेत, तिथे उपयोगी पडेल. जग असं का झालं ते तिथे आहे. कात्रणांकडे नीट बघत राहिलात तर तो स्वतः बोलायला लागतो.

---

सोफियाहून_परत

मी कामानिमित्त बल्गेरियात होतो, म्हणून दोन ओळी. ते शहर ज्याने घडवलं तो कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह मूळचा सोफियाचा, २०२५ साली वारला. तिथल्या जुन्या वस्तीत फिरताना मला सारखं वाटायचं की हा जिना मी चढलोय. रंग उडालेले पिवळट वाडे, वरून ट्रामच्या तारा, आणि मागे अंगणात चार मजली इमारतींच्या मध्ये असंच लोखंडी चक्र. फक्त तिथे पोरं होती, चिक्कार, आणि मला चेंडू आणून द्यायला लावायची.

---

विज्ञानाच्या_बाई

पत्राचं भाषण ऐकलं. पडद्यासमोर उभी राहून, हळूहळू, एकेक वाक्य थांबवत सासूबाईंना सांगितलं. सरकारने माणसांना मुलं होणंच बंद करून टाकलंय, का केलं असं कुणीतरी विचारलंय, आणि हा बाबा वर त्याचे फायदे सांगतोय. शास्त्राच्या भाषेत, अगदी गुळगुळीत. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "पत्र लिहिणाऱ्याचं नाव काय?" नाव नाही म्हटलं, नुसतं एक नागरिक. "बाई असणार," म्हणाल्या आणि वाती घेऊन देवघरात गेल्या.

रात्री जेवताना ह्यांना त्यांनीच सगळी गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा चांगली.

त्यानंतर एलायची खोली झाली. भिंग लावून कात्रणं वाचली, तोही बोलला. त्याची मुलगी अलिक्स सासूबाईंना पसंत पडली आहे, "कामाची पोरगी" असा शेरा. त्या भल्यामोठ्या लोखंडी कुत्र्याबरोबर चेंडू खेळायला लावला. आता माझे कान टोचलेले आहेत, त्यामुळे खेळताना मनात म्हटलं, हा नुसता खेळ नव्हे, हा तास आहे, पुढे कुठेतरी पेपर आहे. वस्तू ओढून घेणारी आणि भिरकावणारी ती बंदूक नीट घोटवली. बाकीच्या बंदुकांपेक्षा हीच माझ्या हाताला बसते. तिने मी मगाशी एक अख्खा रेडिएटर उडवला.

आता एका बंद बोगद्याच्या तोंडाशी आहे. आत रेव्हनहोम नावाचं गाव. अलिक्सने आधीच सांगितलंय की तिकडे आम्ही जात नाही.

---

कोल्हापूरचा_गायरोवाला

ताई, नाद खुळा! रेव्हनहोमसाठी तीनच गोष्टी. आत शिरल्याशिरल्या एका ठिकाणी भिंतीत रुतलेलं करवतीचं गोल पातं दिसेल, आणि शेजारी अर्धा माणूस. थांबून बघा, तो पुढचा तास आहे. दुसरं, काळ्या केसाळ पायांचं जे उडी मारून येतं, त्याने जीवाचा आकडा एकावर येतो, पण मरत नाही माणूस, थोडा वेळ लपून बसलं की भरून येतो. घाबरून मागच्या सेव्हवर परत जाऊ नका. आणि पन्हळीच्या पाइपावर खडखड झाली की वर बघा.

जमलं तर अख्खं रेव्हनहोम त्याच बंदुकीने करा, एक गोळी न झाडता. त्याचीही अचीव्हमेंट आहे. पहिल्या खेपेला नाही झालं तरी चालतं.

---

लुनावर_सीपीयू

आणि तिथे एक पाद्री भेटेल. छपरावर. तो शॉटगन देतो, आणि नंतर

---

निशाचर४०४

@लुनावर_सीपीयू बाईंनी पहिल्याच पोस्टमध्ये काय सांगितलंय?

---

लुनावर_सीपीयू

अर्ध्यात थांबलो की हो.

---

विज्ञानाच्या_बाई

थांबलात म्हणून वाचलात, नाहीतर बाकावर उभं केलं असतं.

सोमवारपासून शाळेत रुजू व्हायचंय, म्हणजे रेव्हनहोम या शनिवार-रविवारात. सासूबाईंची अट अशी की दिवेलागणीनंतर तो बोगदा उघडायचा नाही. उद्या सकाळी दहाला, चहा झाल्यावर, दोघी बसणार आहोत. पातं बघून घेते. पाइपाकडे लक्ष त्या ठेवणार आहेत, त्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत.